गच्चीवरच्या सळया आणि दोशी सर

*इमारती बांधल्या, वसाहती आखल्या आणि शिकवलंही. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांची ही गोष्ट. ती सुरू मात्र होते पारोळ्यातल्या आमच्या घरापासून.*

पारोळ्यात कुठल्याही गच्चीवर चढा आणि चौफेर बघा. मध्ये किल्ल्याचे बुरूज दिसतील. काळ्या टाक्या दिसतील. उन्हाळा असेल तर साडीवर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे दिसतील. आणि जवळजवळ प्रत्येक गच्चीच्या कोपऱ्यात, कॉलमच्या डोक्यावर, आभाळाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या गंजक्या सळया दिसतील. कुणी त्यावर पाण्याची बाटली उलटी घातलेली असते, कुणी त्यालाच कपड्यांची दोरी बांधलेली असते.

लहानपणी मला वाटायचं, मिस्तरी काम अर्धवट टाकून पळून गेला. मग बाबांनी सांगितलं, "पुढे मजला चढवायचा असेल तर जोड लागतो. म्हणून सळया सोडून ठेवायच्या." पुढे म्हणजे कधी? कुणाचं लग्न होईल तेव्हा, कुणाला नोकरी लागेल तेव्हा, कपाशीला भाव मिळेल तेव्हा.

यंदा आमच्या घरावरच ही वेळ आली आहे. आमचं घर म्हणजे पुढे आजोबांच्या काळातलं धाब्याचं घर, मागे बाबांनी टाकलेला स्लॅब आणि काकांच्या लग्नात बाजूला काढलेली पत्र्याची खोली. हे सगळं पाडून नवं बांधायचं ठरलं. नकाशा आला. खाली पार्किंग, हॉल, किचन, वर दोन बेडरूम. छानच होता. आजीने चष्मा लावून तो कागद उलटासुलटा बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "मी बसू कोठे?"

नकाशात ओटाच नव्हता.

त्याच आठवड्यात दुसरा स्फोट झाला. बारावी सायन्सला असलेला आमचा धाकटा, माझा चुलत भाऊ, म्हणाला, "मला इंजिनीअरिंग नको. आर्किटेक्चर करायचंय." काकांनी विचारलं, "नकाशे काढायला पाच वर्षं? ते तर आपला मिस्तरी पण काढतो." धाकटा गप्प बसला. रात्री माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, तू पेपरमध्ये आहेस ना? मग शोधून सांग त्यांना, आर्किटेक्ट नक्की करतो काय ते."

इंटर्न म्हणून मला आतापर्यंत बऱ्याच असाइनमेंट मिळाल्या. घरातून मिळालेली ही पहिली. शोधत शोधत मी ज्या माणसापाशी पोचले, त्याचं काम तुम्ही आधीच पाहिलेलं आहे. फक्त तुम्हाला ते माहीत नाही.

'थ्री इडियट्स'चं कॉलेज

'थ्री इडियट्स' आठवतो ना? त्यातलं 'इम्पिरियल कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग', दगडी भिंतींचे लांबच लांब कॉरिडॉर, वरच्या जाळीतून खाली पडणारी ऊन-सावली. ते कॉलेज म्हणजे बंगळूरचं आयआयएम. त्या कॅम्पसचे आर्किटेक्ट बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी. सत्तरच्या दशकात त्यांनी ते आखायला घेतलं. फत्तेपूर सिक्री आणि दक्षिणेतली मंदिरनगरं यांची आठवण मनात ठेवून त्यांनी इमारतींपेक्षा इमारतींना जोडणाऱ्या वाटांवर जास्त जीव लावला. कारण सरळ आहे. कॉलेजात आपण खरं किती शिकतो वर्गात आणि किती शिकतो कॉरिडॉरमध्ये, कट्ट्यावर, हे आपल्यापेक्षा चांगलं कोण सांगणार?

२०१८ साली दोशींना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. वास्तुकलेतलं नोबेल म्हणतात तो हाच. १९७९ पासून तो दिला जातो आणि तोवर एकाही भारतीयाला मिळालेला नव्हता. तेव्हा दोशींचं वय होतं ९०. पाठोपाठ २०२२ साली ब्रिटनमधल्या वास्तुविशारदांच्या संस्थेचं रॉयल गोल्ड मेडल मिळालं. पद्मश्री (१९७६) आणि पद्मभूषण (२०२०) आधीच मिळाले होते. २४ जानेवारी २०२३ रोजी ते अहमदाबादला गेले, वयाच्या ९५व्या वर्षी. दुसऱ्याच दिवशी पद्मविभूषण जाहीर झाला.

ही झाली पुरस्कारांची यादी. आमच्या धाकट्याला ती वाचून दाखवली, तर तो म्हणाला, "हे काकांना सांगून उपयोग नाही. त्यांना घराचं सांग."

तर घराचं.

पुण्यातलं वाढत जाणारं घर

दोशींचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ चा, पुण्याचा. घराणं गुजराती, धंदा फर्निचरचा. बाळकृष्ण दहा महिन्यांचे असताना आई गेली. ते वाढले आजोबांच्या एकत्र कुटुंबात. ११ वर्षांचे असताना आगीच्या अपघातात पाय भाजला आणि चालण्यातला किंचित लंगडेपणा आयुष्यभर सोबत राहिला.

आजोबांच्या त्या घराबद्दल ते म्हातारपणीही बोलत. घरात माणूस वाढलं की खोली वाढायची, मजला वाढायचा. कुणी कागदावर आधी आखलेलं नव्हतं. घर माणसांबरोबर मोठं होत गेलं. सुताराच्या हत्यारांचा आवाज, लाकडाचा वास, अंधाऱ्या जिन्यातून वर गेल्यावर अचानक येणारा उजेड, हे सगळं त्या मुलाच्या डोक्यात बसलं.

मला लगेच आमची पत्र्याची खोली आठवली.

१९४७ साली, देश स्वतंत्र होत होता तेव्हा, दोशींनी मुंबईत जे. जे. मध्ये वास्तुकलेसाठी प्रवेश घेतला. १९५० साली ते लंडनला गेले. पुढच्या वर्षी तिथे जवळच जगभरातल्या आधुनिक वास्तुविशारदांची परिषद भरली होती. त्यात चंडीगडची चर्चा चालली होती. नव्या भारतातलं नवं शहर, आणि ते आखणारा होता ल कॉर्बुझिए, त्या काळातला सगळ्यात गाजलेला आर्किटेक्ट. दोशींनी त्याच्याकडे काम मागितलं. स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहून पाठवा, असा निरोप आला. त्यांनी तो पाठवला आणि पॅरिस गाठलं.

फ्रेंच येत नव्हतं. सुरुवातीचे काही महिने पगारही नव्हता. म्हणजे आजच्या भाषेत, 'अनपेड इंटर्नशिप'. (इथे मला या माणसाबद्दल विशेष आपुलकी वाटू लागली.) १९५१ ते १९५४ अशी वर्षं त्यांनी कॉर्बुझिएच्या स्टुडिओत काढली आणि मग त्याच्या अहमदाबादमधल्या इमारतींवर देखरेख करायला ते भारतात परतले. गिरणीमालकांच्या संघाची इमारत, साराभाई आणि शोधन कुटुंबांची घरं ही ती कामं.

अहमदाबाद तेव्हा गिरण्यांचं गाव होतं. पैसा होता आणि नव्या गोष्टींची हौसही होती. दोशी तिथलेच झाले. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात त्यांनी स्वतःचं ऑफिस थाटलं, 'वास्तुशिल्प'. पुढे साठच्या दशकात लुई कान या अमेरिकन आर्किटेक्टला आयआयएम अहमदाबादच्या कामासाठी भारतात आणण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. जगातल्या दोन दिग्गजांबरोबर काम केलं. पण दोघांची नक्कल करत बसले असते तर आज त्यांच्यावर लिहायचं कारण नव्हतं.

१९५४ साली, परत आल्या आल्या, त्यांनी मनाशी एक शपथ घेतली होती. सगळ्यात गरीब माणसाला नीट घर मिळवून द्यायचं.

वयाच्या २७व्या वर्षी आपण सगळेच शपथा घेतो. प्रश्न पुढच्या ३०-४० वर्षांचा असतो.

दारं नसलेलं कॉलेज

१९६२ साली दोशींनी अहमदाबादला 'स्कूल ऑफ आर्किटेक्चर' सुरू केलं. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. दहा वर्षं तिचे संचालक राहिले. १९७२ साली त्यांनी तिथेच 'स्कूल ऑफ प्लॅनिंग' सुरू केलं. या सगळ्याचं मिळून पुढे जे झालं, ते आजचं सेप्ट विद्यापीठ. आर्किटेक्चरच्या मुलांमध्ये 'सेप्ट' हा शब्द कसा उच्चारला जातो, ते एकदा ऐका. आपल्याकडे 'आयआयटी' म्हणतात तसा.

प्लॅनिंगचं वेगळं कॉलेज कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. साधं उत्तर असं : आर्किटेक्ट घर आखतो, प्लॅनर ठरवतो की त्या घरासमोरचा रस्ता किती रुंद असेल, पाणी कुठून येईल, सांडपाणी कुठे जाईल, शाळा किती अंतरावर, बाजार कुठे, आणि पुढच्या २० वर्षांत गाव दुप्पट झालं तर काय. दोशींचं म्हणणं होतं की या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत. घर चांगलं आणि गल्ली तुंबलेली, याला काय अर्थ?

सेप्टची इमारतही त्यांचीच. विटा आणि काँक्रीट. खालचा भाग मोकळा, उतारावर बसवलेला, आणि दारं जवळजवळ नाहीत. कुणीही कुठूनही आत यावं, वर्ग चालू असेल तर उभं राहून ऐकावं, पटलं नाही तर भांडावं. आर्किटेक्चरची, प्लॅनिंगची, कलेची मुलं एकाच जिन्यावर बसावीत म्हणून जिना मुद्दाम रुंद ठेवायचा. आपल्यापैकी किती जणांच्या कॉलेजात जिन्यावर बसलं की शिपाई उठवतो, हे आठवून बघा.

या शाळेचे धागे महाराष्ट्रातही आले आहेत. मुंबईचे अनंत राजे जे. जे. मध्ये शिकले, अमेरिकेत लुई कानकडे राबले आणि मग अहमदाबादला येऊन अनेक वर्षं शिकवत राहिले. अमेरिकेत जन्मलेले ख्रिस्तोफर बेनिंजर हे 'स्कूल ऑफ प्लॅनिंग' उभं करण्यात होते. ते १९७६ साली पुण्याला आले, तिथे नियोजनाची संस्था काढली आणि पुण्याचेच होऊन गेले. मुळशीजवळचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज त्यांचंच. २०२४ साली पुण्यातच त्यांचं निधन झालं. म्हणजे एका मास्तरने काढलेली शाळा कुठून कुठे पोचते बघा.

दोशींचं स्वतःचं ऑफिस, 'संगाथ', १९८० च्या सुमाराचं. संगाथ म्हणजे बरोबर चालणं. अर्धं जमिनीत, वर गोल पाठीचे घुमट आणि त्यांवर चिनीमातीच्या पांढऱ्या फुटक्या तुकड्यांचं काम. पांढऱ्या तुकड्यांवरून ऊन परतून जातं, जमिनीतला भाग गार राहतो. पावसाचं पाणी घुमटावरून पन्हळीत आणि तिथून हौदात. मे महिन्यात ४४ अंशांत पंख्याखाली बसून अभ्यास करणाऱ्या खान्देशातल्या पोरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आमच्या धाब्याच्या घरात दुपारी गार वाटतं, आणि मागच्या स्लॅबच्या खोलीत भट्टी होते. आजी हे किती वर्षांपासून सांगते आहे. आम्ही तिला 'जुन्या काळची' म्हणून गप्प करायचो.

पुण्यापेक्षा जवळचं इंदूर

आता मुद्द्याचं. त्या शपथेचं काय झालं?

१९७३ साली अहमदाबादला एलआयसीच्या कर्मचाऱ्यांसाठी दोशींनी एक वसाहत बांधली. सगळ्यात मोठं घर तळाला, मधलं त्यावर, सगळ्यात छोटं सर्वात वर. प्रत्येक मजल्यावर गच्ची मिळेल अशी पायऱ्यांसारखी रचना. म्हणजे मोठ्या पगाराचा आणि छोट्या पगाराचा माणूस एकाच जिन्यावर भेटणार. आणि प्रत्येकाला आपलं घर पुढे वाढवायला जागा. लोकांनी खरंच वाढवली. गच्च्या झाकल्या, खोल्या काढल्या, कठडे बदलले. काही वर्षांनी मूळ इमारत ओळखू येईना. दुसरा एखादा आर्किटेक्ट असता तर डोक्याला हात लावून बसला असता. दोशींना त्याचा आनंद झाला. घर लोकांनी आपलं मानलं, याचा त्यांना तो पुरावा वाटला.

मग आलं अरण्य. इंदूरमध्ये.

आपल्या खान्देशी माणसाला इंदूर काही परकं नाही. दवाखान्याला इंदूर, लग्नाच्या खरेदीला इंदूर. पारोळ्याहून धुळे, मग आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा, घाट, की आलंच. पुण्यापेक्षा जवळ. मी पण एका शनिवारी गाडीत बसले.

ऐंशीच्या दशकात इंदूरच्या विकास प्राधिकरणाने हे काम दोशींच्या संस्थेकडे दिलं. साधारण ८५ हेक्टर जमीन, ६,५०० च्या आसपास घरं आणि लोकवस्ती ८० हजारांपर्यंत जाऊ शकेल अशी सोय. म्हणजे पारोळ्याएवढं शहर बसवून वर जागा उरेल. यातले ६५ टक्के प्लॉट सगळ्यात कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी होते.

घरं बांधायला घेण्याआधी त्यांच्या लोकांनी एक काम केलं. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या अभ्यासकांबरोबर ते इंदूरच्या झोपडपट्ट्यांमध्ये फिरले. लोक भांडी कुठे घासतात, खाट कुठे टाकतात, ओट्यावर काय काय विकतात, झाडाखाली किती जण बसतात, गल्ली कुठे अरुंद होते आणि का, हे सगळं मोजून, चितारून काढलं. ज्याला सगळे घाण म्हणतात, तिथे राहणाऱ्यांची अक्कल त्यांनी शिकण्यासारखी मानली. मला वाटतं, पत्रकारितेच्या पहिल्या सेमिस्टरला हेच शिकवायला हवं.

मग आराखडा केला तो असा. सगळ्यात गरीब कुटुंबाला सुमारे ३५ चौरस मीटरचा, म्हणजे पावणेचारशे चौरस फुटांचा प्लॉट. त्यावर तयार जोतं. संडास-मोरी, नळ आणि वीज. फार तर एक खोली. बाकीचं घर तुम्ही बांधा, जेव्हा जमेल तेव्हा, जसं हवं तसं. जे गरिबाला स्वतः करता येत नाही, म्हणजे पाइप, गटार, रस्ता, ते सरकारने करायचं. जे त्याला करता येतं, म्हणजे भिंती, ते त्याच्यावर सोडायचं. हप्ता त्याच्या कमाईला झेपेल असा. संडास-मोऱ्या पाठीला पाठ लावून, म्हणजे नळ-गटाराचा खर्च कमी. वीस घरांच्या गटाला एक सेप्टिक टँक. मोठे प्लॉट चढ्या भावाने विकायचे आणि त्यातून छोट्यांचा भार हलका करायचा. श्रीमंतांची कॉलनी एकीकडे आणि गरिबांची दुसरीकडे, असं न करता सगळ्यांना एकाच वसाहतीत बसवायचं.

नमुना म्हणून दोशींनी स्वतः ८० घरं आखून दाखवली. एका खोलीपासून ते ऐसपैस घरापर्यंत. ओटा पुढे, जिना बाहेरून, छोटी गॅलरी, हे तुकडे लोकांनी निवडायचे आणि आपल्या पद्धतीने जोडायचे. १९९५ साली या वसाहतीला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

मी तिथे गेले तेव्हा खरं सांगते, आधी निराश झाले. पुस्तकातल्या फोटोंतली ती नीटस घरं शोधत होते. समोर होती एक गजबजलेली वस्ती. रंगीबेरंगी, दोन-तीन मजली, खाली दुकान, वर बिऱ्हाड, गल्लीत मोटारसायकली. कुठलं दोशींचं आणि कुठलं लोकांचं, कळेचना. मग एका घराचा बाहेरून वर जाणारा जिना दिसला. पलीकडे दुसरा. मग ओटा. ओट्यावर बायका भाजी निवडत होत्या. वर बघितलं आणि हसूच आलं.

गच्चीवर सळया होत्या.

पारोळ्यात ज्या सळया आम्ही 'काम अर्धवट' म्हणून बघतो, त्याच गोष्टीचा या माणसाने शहर आखण्याचा नियम करून टाकला होता. घर कधीच पूर्ण नसतं, आणि गरिबाचं तर नसतंच, हे आधीच मान्य करायचं आणि मग आखायला बसायचं.

सगळं गोड झालं असंही नाही. जमिनीचे भाव चढले तसे ज्यांच्यासाठी प्लॉट होते, त्यांतल्या काही कुटुंबांनी ते विकून टाकले. मोकळ्या जागांवर दाटी झाली. आणि अरण्यसारखी वसाहत पुढे गावोगाव व्हायला हवी होती, ती झाली नाही. एक आर्किटेक्ट जोतं आखू शकतो, बाजारभाव आखू शकत नाही. पण ७० वर्षांच्या कारकिर्दीचा हिशेब न करता केवळ हा एक प्रयोग बघितला, तरी २७व्या वर्षीची शपथ त्यांनी विसरली नव्हती, एवढं नक्की.

आपल्या गावाचा आराखडा कोण काढतो?

इंदूरहून परतताना डोक्यात एकच घोळत होतं. पारोळा कुणी आखलं?

किल्ला हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली बांधला असं सांगतात. आधी जेमतेम ५० घरांची वस्ती होती, तिची तटबंदीची पेठ झाली. किल्ल्याभोवती खंदक, त्याबाहेर बाजार. बालाजीचा रथ निघतो तेव्हा बघा, रथ जिथून जातो आणि वळतो, तिथे वाट मोकळी ठेवावीच लागते. आमच्या गावातला हा सगळ्यात कडक टाउन प्लॅनिंगचा नियम, आणि तो मोडायची कुणाची हिंमत नाही.

आजही गावाचा आराखडा असतो. महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. त्यानुसार नगरपरिषदेच्या हद्दीचा विकास आराखडा तयार होतो. कुठे रस्ता, कुठे बाग, कुठे शाळेचं आरक्षण, हे त्यात ठरतं. मसुदा प्रसिद्ध झाला की ठराविक मुदतीत कुणालाही हरकती आणि सूचना देता येतात. कुणालाही म्हणजे तुम्हाला आणि मलाही. मित्रमैत्रिणींना विचारलं, यातलं कुणाला माहीत होतं? एकालाही नाही. मलाही दोन महिन्यांपूर्वी नव्हतं. आपण क्रिकेट टीमच्या निवडीवर तासभर वाद घालतो आणि आपल्याच गल्लीच्या रुंदीवर कधी तोंड उघडत नाही.

व्हायचं असेल तर...

* बी. आर्क. : पाच वर्षांचा कोर्स. बारावीला गणित हवंच. प्रवेशासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची 'नाटा' परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर. चित्रकला येते म्हणून सोपं जाईल, असं समजू नका. निरीक्षण आणि कल्पना जास्त तपासली जाते.
* बी. प्लॅनिंग : चार वर्षांचा कोर्स. जेईई मेनमध्ये त्याचा वेगळा पेपर असतो. पदवीनंतर दोन वर्षांचं एम. प्लॅनिंगही करता येतं, आर्किटेक्टला आणि सिव्हिल इंजिनीअरलाही.
* कुठे : मुंबईचं जे. जे., अहमदाबादचं सेप्ट, आणि स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरच्या दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या संस्था. पुण्याच्या सीओईपीमध्येही प्लॅनिंग शिकवतात.
* पाटी लावायची तर : १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवता येत नाही.
* सरकारी वाट : नगररचना विभागातल्या सहायक नगररचनाकारासारख्या पदांची भरती एमपीएससी करते. स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांनी इकडेही बघावं.
* आधी करून बघा : स्वतःचं घर टेपने मोजून कागदावर काढा. मग गल्ली. मग चौक. कंटाळा आला तर वेळीच कळेल.

फक्कीच्या रेघा

शेवटची ओळ धाकट्याने आधीच करून ठेवली होती, हे मला उशिरा कळलं. त्याच्या फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर आमचं सगळं घर होतं. धाब्याचे खण मोजलेले, कुठल्या खोलीत किती वाजता ऊन येतं ते लिहिलेलं. आणि नव्या घराचा त्याने काढलेला नकाशा. पार्किंग थोडं मागे सरकवून पुढे ओटा. जिना बाहेरून, म्हणजे उद्या वरचा मजला भाड्याने देता येईल किंवा त्याच्या ताईला माहेरी स्वतःचं दार राहील. (हे त्याने कंसात लिहिलं होतं. मी वाचून काही बोलले नाही.)

मी काका-बाबांना अरण्यचे फोटो दाखवले. काका बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे तर आपल्यासारखंच आहे." बाबा म्हणाले, "मग एवढा मोठा माणूस कशाला लागला?" धाकटा पहिल्यांदा बोलला, "बाबा, आपल्याकडे सळया आहेत, पण गटार कुठंय?"

कुणी उत्तर दिलं नाही. आजी म्हणाली, "घर एक दिनमा व्हत नही. ते वाढस." आणि तिने पानाचा डबा उघडला, म्हणजे चर्चा संपली.

इंजिनीअरिंगचा फॉर्म भरायचा हे अजून कायम आहे. त्याच्यासोबत 'नाटा'चाही भरला आहे. फी काकांनी दिली, काही न बोलता. पुढे काय होईल ते निकालावर. काकांचं मन पूर्ण वळलं आहे असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्यांना ते अजून 'कॉम्प्युटर घेणार आहे' असंच सांगतात.

पण गेल्या आठवड्यात मिस्तरी आखणी करायला आला. दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या, फक्कीने जमिनीवर पांढऱ्या रेघा मारल्या. हॉल, किचन, मोरी. सगळ्यात शेवटी, रस्त्याच्या बाजूला, चार फूट रुंद एक लांबट पट्टा आखला. मिस्तरी हात झटकून चहाला गेला.

आजी आपला पाट घेऊन आली, त्या रेघांच्या आत ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसली.